न सांगता येणारे दुखणे

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला 'आरोग्य' एवढाच विषय दिला होता. साखर आणि रक्तदाब यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या जुनाट दुखण्यावर बोलणार आहोत. भगिनींनी कृपया उठून जाऊ नये. दुखणे पुरुषाचे असले तरी घरात त्याचे निम्मे ओझे तुम्हीच वाहता, आणि आपण काय वाहतो आहोत हे बहुतेक वेळा तुम्हाला कुणी सांगितलेलेही नसते.

आम्ही म्हणजे तळेगावातलेच तिघे जण. एक चाकणला लाइनवर उभा असतो, एक आंबीकडे फोर्कलिफ्ट चालवतो, तिसरा रोज लोकलने पुण्याला जातो. तिघांच्या वतीने एक बोलतो आहे, कोण ते विचारू नका!

तर ही प्रोस्टेट म्हणजे अक्रोडाएवढी गाठ, प्रत्येक पुरुषाला जन्मतःच असते. मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. म्हातारपणी ती वाढते, तो वेगळा विषय. आम्ही बोलतो आहोत ते तिशी-चाळिशीतल्या माणसाचे दुखणे, ज्याला डॉक्टर प्रोस्टेटायटिस म्हणतात. ओटीपोटात, बैठकीच्या जागी, कधी कमरेत ठणका लागतो. लघवीला आग होते, पुन्हा पुन्हा जावे लागते, गेले तरी राहिल्यासारखे वाटते. पती-पत्नीच्या संबंधानंतरही दुखते, म्हणून माणूस पत्नीपासून लांब राहू लागतो आणि ती बिचारी भलताच अर्थ काढते. वेगवेगळ्या पाहण्या बघितल्या तर शंभरात दोन ते दहा पुरुषांना ही लक्षणे असतात. म्हणजे आज या सभागृहातही आम्ही तिघेच असू असे नाही.

१९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बोलावून या आजाराचे चार प्रकार ठरवले. पहिला अचानक होणारा जंतूंचा. थंडी वाजून ताप आला आणि लघवी अडली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. दुसरा जुनाट, पण जंतूंचाच. तिसऱ्यात तीन महिने किंवा जास्त दुखत राहते आणि लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत. जुनाट दुखण्याचे दहांपैकी नऊ रुग्ण याच तिसऱ्यातले. चौथ्यात सूज असते, त्रास काहीच नसतो.

या तिसऱ्या प्रकारानेच माणूस खचतो. रिपोर्ट नॉर्मल येतो, घरचे म्हणतात काही नाही, सुपरवायझर म्हणतो नाटक करतो. आमच्यातल्या एकाला एका दवाखान्यात 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असे सांगून परत पाठवले होते. दुखणे मात्र खरे असते. त्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात, तिथल्या नसा हुळहुळ्या झालेल्या असतात, आणि काळजीने ते आणखी आवळतात. म्हणून नुसती अँटिबायोटिक बदलत राहून भागत नाही.

आता आपल्या भागातल्या जगण्याकडे बघा. लाइन चालू असते, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. लोकलमध्ये संडास नाही. आमचा तिसरा मित्र घाई लागली की मधल्या स्टेशनवर उतरतो आणि पुढच्या गाडीची वाट बघतो. चाकण रस्त्याच्या कोंडीत मोटारसायकलवर तास तास जातो, बैठकीवर सगळा भार. फोर्कलिफ्टवाल्याचे तेच. मग माणूस पाणी पिणेच सोडतो. लघवी घट्ट होऊन आग आणखी वाढते. आमचे स्पष्ट मत आहे की युनियनने बोनसच्या मागणीबरोबर लघवीला जायच्या सुट्टीचीही मागणी करावी. हसू नका, ही मागणी खरीच आहे.

या दुखण्यावर जगणारे दुसरे लोकही आहेत. स्टेशनच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग, धातुक्षय' अशा जाहिराती आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. धातू जाते म्हणून अशक्तपणा येतो ही भीती आपल्याकडे इतकी जुनी की १९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी तिला 'धात सिंड्रोम' असे नावच दिले. जादूचे उपाय सांगणाऱ्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगतातच. प्रोस्टेटायटिस वीर्य गेल्याने होत नाही. तो कॅन्सरही नाही. पीएसए नावाची रक्ततपासणी नुसत्या सुजेनेही वाढते, म्हणून तो आकडा बघून लगेच हातपाय गाळू नयेत, डॉक्टरांना विचारावे. लघवीतून रक्त आले तर मात्र तपासणी टाळू नये.

उपचार काय, तर आधी लघवीची तपासणी आणि कल्चर. जंतू असतील तर चार ते सहा आठवडे गोळ्या, मधे बऱ्या वाटल्या तरी सोडायच्या नाहीत. लघवीची वाट सैल करणारी गोळी, सूज उतरवणारी गोळी, हे सगळे डॉक्टरांच्या सांगण्याने. टबात कोमट पाण्यात पंधरा मिनिटे बसल्याने आम्हा तिघांनाही आराम पडला. तिखट, चहा आणि दारू यांनी कुणाकुणाचे वाढते. स्वतःवर बघून ठरवावे. फिजिओथेरपीत हे स्नायू सैल सोडायला शिकवतात. कुणी आवळायचे व्यायाम सांगितले तर आधी विचारून घ्या, आखडलेल्या स्नायूला आणखी आवळून दुखणे वाढू शकते. १९९९ साली निघालेली एक प्रश्नावली आहे, तिच्यात शून्य ते त्रेचाळीस गुण असतात. डॉक्टरांकडून ती भरून घेतली की तीन महिन्यांनी फरक आकड्यात दिसतो, आणि घरच्यांनाही दाखवता येतो. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय, पुण्याचे ससून, ही आपल्या खिशाला परवडणारी ठिकाणे आहेत. विमा कामगारांना ईएसआयमधून वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणाची रजा ७० टक्के पगारावर मिळू शकते, हेही पुष्कळांना माहीत नसते.

पण गोळीपेक्षा आम्हाला जास्त उपयोग झाला तो एकमेकांचा. आमच्यातल्या एकाच्या मनात जीव द्यायचे विचार येत होते. तो पहिल्यांदा बोलला तो घरी नाही, आमच्यापाशी, कारण आम्हाला समजावून सांगावे लागले नाही. असे विचार येत असतील तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही. पुण्यात मुक्तांगणने १९८६ पासून व्यसनी माणसांना एकमेकांच्या आधाराने उभे केले. कोड असलेल्यांसाठी डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णांचे मित्रमंडळ आहे. आपल्या दुखण्यालाही असे चार लोक का नसावेत?

विनयपिटकाच्या महावग्गात हगवणीने लोळागोळा झालेल्या भिक्खूची गोष्ट येते. तो आपल्या काही कामाचा नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. आजार घाणेरड्या जागेचा आहे म्हणून कुणाचे तोंड फिरले नाही.

तेव्हा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत असतो. पत्नीला आणले तरी चालते, गेल्या खेपेला दोघी आल्या होत्या आणि त्याच जास्त बोलल्या. नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. खाली सतरंजी आहे, उशीही ठेवली आहे. बसवत नसेल त्याने उभ्याने बोलावे. संडास खोलीला लागूनच आहे, तो बघूनच आम्ही ती खोली मागून घेतली.