पाळीचे दुखणे आणि मूल

बायांनो, आणि मागे उभ्या असलेल्या बाप्यांनो,

आज एका दुखण्याविषयी बोलू. त्याचे नाव एन्डोमेट्रिओसिस. नाव अवघड आहे, पण दुखणे ओळखीचे आहे.

पाळीत थोडे पोट दुखते. पण कुणाला अशा कळा येतात की अंथरुणातून उठवत नाही. नवऱ्याजवळ जाताना दुखते. पाळी सरली तरी ओटीपोट ठणकते. घरचे म्हणतात, "बाईच्या जातीला हे असायचंच." तसे नाही. हा आजार आहे. दहा बायांत सुमारे एकीला तो असतो.

यात होते काय? गर्भाशयाला आतून अस्तर असते. दर महिन्याला ते गळते, तीच पाळी. या आजारात तसलेच अस्तर गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर आणि नळ्यांवर वाढते. तिथेही रक्त येते. त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आत सूज येते, नळ्या चिकटतात. म्हणून काहींना दिवस राहायला वेळ लागतो. ही करणी नाही. बाईचा दोषही नाही. पुष्कळ जणींना आपोआप दिवस राहतात.

खरी अडचण पुढे आहे. कळा थांबवायला हार्मोनच्या गोळ्या देतात. त्या चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत. गोळ्या सोडल्या की कळा परत येतात. अशी ही कात्री! म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दोन्ही सांगा, "मला दुखतं, आणि मला मूल हवं." त्यावरून उपचार ठरतो. कुणाला दुखण्याची दुसरी गोळी, कुणाला दुर्बिणीचे ऑपरेशन. मनाने गोळी घेऊ नका, मनाने सोडूही नका.

नळ्या अडल्या तरी आशा संपत नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालय आहे. ते १९२६ साली सुरू झाले. तिथे ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी स्त्रीबीज आणि पुरुषबीज शरीराबाहेर एकत्र आणून गर्भ तयार केला होता. तो मग आईच्या पोटात ठेवला. हा उपाय सगळ्यांना लागत नाही, आणि दर वेळी साधतोही असे नाही. पण वाट आहे.

बाप्यांनो, मूल होत नाही म्हणून बायकोला वांझ म्हणू नका. दोष पुरुषातही असू शकतो. तुम्हीही तपासून घ्या. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गरज पडली तर ते मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी देतील. कळा सोसत वर्षे घालवू नका. दुखणे सांगण्यात लाज कसली?