आतिथ्याचा आरंभ निमंत्रणपत्रापासून
(सुवर्णमहोत्सवी स्वयंसेवक मेळाव्यात केलेले भाषण)





वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र, खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र, नवीन पनवेलची भूचुंबकत्व संस्था यांमुळे आपल्या नगरीला परदेशी अभ्यासक नवे राहिलेले नाहीत. उद्या आपल्यासारख्या संस्थाही आंतरराष्ट्रीय परिषदा भरवतील. अशा वेळी दूरच्या प्रतिनिधींना व्हिसा व प्रवेशाच्या नियमांबाबत साहाय्य करणे हे कोणाचे काम, हा आजचा माझा विषय आहे.

१८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस गेले. निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना होते. परंतु साधुजीवनाच्या मर्यादेमुळे त्यांनी समुद्रप्रवास केला नाही व गांधी प्रतिनिधी म्हणून गेले. त्या काळी अमेरिकेत उतरण्यासाठी व्हिसा लागत नसे. भारतात प्रवेशासाठी पारपत्र सक्तीचे करणारा कायदा १९२० साली आला. आज मात्र निमंत्रण आणि आगमन यांच्यामध्ये कागदपत्रांची एक मोठी वाट आहे, आणि ती पाहुण्याने एकट्याने चालावी, अशी आपली अपेक्षा असते.

या अपेक्षेची किंमत मी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या स्वागत समितीत मी होतो. केनियाहून एक ज्येष्ठ अभ्यासक येणार होते. व्हिसा, तिकीट, निवास, सारे चोख होते. केनिया हा पीतज्वराचा प्रदेश असल्याने तेथून येणाऱ्यास लसीचे प्रमाणपत्र लागते. त्यांनी लस घेतली होती. परंतु ती निघण्याच्या सात दिवस आधी. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी वैध होते. विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे त्यांना तीन दिवस विलगीकरणात ठेवले. आमची परिषदही तीनच दिवसांची होती! त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचला. निरोप देताना ते शांतपणे म्हणाले, "आपल्या पत्रात जेवणाचा उल्लेख होता, लसीचा नव्हता." बंधु-भगिनींनो, दोष अधिकाऱ्यांचा नव्हता, पाहुण्यांचाही नव्हता. तो आमचा होता.

त्या दिवसापासून माझी खात्री झाली की आतिथ्य विमानतळावर हार घेऊन उभे राहण्यापासून सुरू होत नाही. ते निमंत्रणपत्रापासून सुरू होते. पत्रात पाहुण्याचे नाव पारपत्रात आहे तसेच, अक्षरशः, असावे. परिषदेचा विषय, दिनांक, स्थळ, खर्च कोण करणार हे स्पष्ट असावे. पारपत्राची मुदत आगमनानंतर किमान सहा महिने असावी व त्यात दोन कोरी पाने असावीत, हेही आपणच कळवावे.

दुसरी गोष्ट वेळेची. गृह मंत्रालयाकडे परिषदेच्या मान्यतेसाठी ऑनलाइन अर्ज करण्याची व्यवस्था आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या मान्यतेचाही प्रश्न येतो. ही कागदपत्रे आयोजकानेच मिळवायची असतात. ती पाहुण्याच्या हाती नाहीत. म्हणून प्रतिनिधींची यादी काही महिने आधी निश्चित करावी. ई-कॉन्फरन्स व्हिसा तीस दिवसांचा व एकाच प्रवेशाचा असतो. परिषदेनंतर नेपाळला जाऊन परत येऊ इच्छिणाऱ्यास हे आधीच सांगितले पाहिजे. पाकिस्तानच्या नागरिकांना ई-व्हिसाची सोय नाही. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही.

तिसरी गोष्ट सत्याची. "पर्यटक व्हिसावर या, कोण विचारतो?" असा सल्ला देणारे भेटतात. संकट ओढवते ते सल्लागारावर नव्हे, पाहुण्यावर. आपल्या निमंत्रणावर विश्वास ठेवून येणाऱ्यास असत्य बोलावयास लावणे हे कोणत्याही संस्थेस शोभत नाही. तसेच सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी, जादा पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळे आहेत. अधिकृत पत्ता पत्रातच छापावा.

नियम बदलत असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी आगमनपत्र आगमनापूर्वीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरण्याची सोय झाली. २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. मात्र ई-व्हिसाधारकास ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ती यादी पाहून पाहुण्यास कळवावे.

आणि शेवटचे, आपल्या अगदी जवळचे. पाहुणा आपल्या अतिथीगृहात उतरला, तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन देणे यजमानावर बंधनकारक आहे. हॉटेलप्रमाणेच धर्मशाळेलाही हे लागू आहे. पूर्वीचे अनेक कायदे एकत्र करणारा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. त्यातही हे दायित्व कायम आहे.

या कामासाठी विद्वत्ता लागत नाही. लागते ती एक वही, एक जबाबदार स्वयंसेवक आणि प्रत्येक पाहुण्यासाठी महिनाभर आधी केलेला एक फोन. केनियाचे ते अभ्यासक पुन्हा आले नाहीत. आपल्या दारी येणाऱ्या कोणाही पाहुण्यावर तशी वेळ येऊ नये, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!