पावलांचा हिशेब, घराची खूण



मुंग्या वासाच्या मागावर रांगेने जातात, हे आपण शाळेत शिकलो. आज मी रांगेत न चालणाऱ्या एका मुंगीविषयी बोलणार आहे.

ट्युनिशियातल्या कोरड्या, खारट मैदानांवर ‘कॅटाग्लायफिस फोर्टिस’ ही मुंगी राहते. उन्हाने मेलेले किडे हे तिचे अन्न. ते कुठे सापडतील याचा नेम नसतो आणि तापलेल्या जमिनीवर वास टिकत नाही. म्हणून ती एकटीच निघते, वेडीवाकडी वळणे घेत वारुळापासून शंभर-दोनशे मीटर दूर जाते आणि किडा मिळाला की जवळपास सरळ रेषेत घरी परतते.

दिशा तिला सूर्यावरून आणि आकाशातल्या ध्रुवित प्रकाशावरून कळते. अंतर कळते पावलांवरून. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अन्नापर्यंत पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून ते लांब केले, काहींचे पाय आखूड केले. मग त्यांना वारूळ नसलेल्या वेगळ्या वाटेवर सोडले. घर १० मीटरवर असायला हवे होते. लांब पायांच्या मुंग्या सुमारे १५ मीटरवर जाऊन घर शोधू लागल्या, आखूड पायांच्या सुमारे ६ मीटरवरच. पावलांची संख्या बरोबर होती, पाऊल बदलले होते.

असा हिशेब करणाऱ्याची चूक वाटेत साचत जाते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे. ती चूक दुरुस्त करतात डोळे आणि आठवण. ग्रीसमधली तिची भावकी तर शिकारीला निघण्याआधी काही दिवस वारुळाभोवती फेऱ्या घालते, गिरकी घेऊन पुन्हा पुन्हा दाराच्या दिशेने पाहते आणि परिसर लक्षात ठेवते.

पण खारट मैदानाच्या मधोमध लक्षात ठेवण्यासारखे काहीच नसते. तिथल्या मुंग्या दारावर मातीचा उंचवटा रचतात, कधी ४० सेंटिमीटरपर्यंत! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे उंचवटे काढून टाकले, तेव्हा घरी पोचणाऱ्या मुंग्या कमी झाल्या आणि वारुळातल्यांनी पुन्हा माती रचायला घेतली. शेजारी काळे नळकांडे उभे केले, तिथे मात्र त्यांनी फारसे कष्ट घेतले नाहीत. खूण मिळाली होती.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. परत येणे हे केवळ बाहेर गेलेल्याचे कसब नसते. घरी असलेल्यांनी खूण उंच ठेवावी लागते. सर, बाई, ते काम तुम्ही केलेत, म्हणून आज आम्ही इथे पोचलो.

आपल्यातले काही जण आज आलेले नाहीत. काहींचे पत्ते आपल्याकडे नाहीत, काहींना यायचा संकोच वाटला असेल. ते आले नाहीत म्हणून रुसू नका. आता घरी असलेले आपण आहोत. आज घरी जाताना प्रत्येकाने अशा एकाचे नाव लिहून न्या आणि त्याला शोधा.