न्हाणीघराचा जीर्णोद्धार



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे श्रोत्यांच्या मनात काही विषय आपोआप उभे राहतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास बोलला गेला, अर्थकारण बोलले गेले, आत्म्याचे अमरत्वही सांगून झाले. आत्म्याविषयी आमचा काही अधिकार नाही. तो ज्या देहात राहतो त्या देहाला रोज सकाळी आंघोळ घालावी लागते, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. म्हणून आज आम्ही पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशा एका खोलीविषयी बोलणार आहोत. ती खोली आमच्याच घरातली आहे, आणि मोडक्या-जुन्या वस्तूंतून ती आम्ही पुन्हा कशी उभी केली त्याची ही हकीकत आहे.

आपल्या अष्टागरात न्हाणीघर मुळात घरात नव्हतेच. ते परसदारी, विहिरीच्या जवळ असायचे. रहाटाचे पाणी दगडी दोणीत पडे, चुलवणावरच्या हंड्याखाली झावळ्या आणि नारळाची सोडणे जळत, आणि अंगावरून वाहिलेले पाणी पन्हळीने अळूला आणि केळींना जाई. पाण्याचा एक थेंब वाया जात नसे, आणि हे करणाऱ्यांनी पर्यावरण हा शब्दही ऐकलेला नसे. पुढे नळ आले, वीज आली, आणि न्हाणीघर पडवीतून घरात शिरले. ही सोय झाली, ह्यात शंका नाही. पण घरात येताना ते आपली जमीन बाहेर विसरून आले. ती कशी, तेच आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्हीही इतरांसारखी हौस केली. जुनी फरशी उखडली आणि आरशासारखी चकचकीत लादी बसवली. बसवणाऱ्याने कौतुक केले, पाहुण्यांनी कौतुक केले. २०२०च्या जानेवारीत त्याच लादीवर आमची आई घसरली. वय ऐंशीच्या घरात. नशिबाने खुब्याचे हाड वाचले, मनगटावर निभावले. पण हाड जुळले तरी धीर जुळेना. आयुष्यभर पहाटे उठून कोणाच्या आधी स्वतःचे आटोपणारी ही बाई सुनेची वाट पाहत दाराशी बसू लागली. दार उघडे ठेवून आंघोळ करायची, ह्याची तिला जी लाज वाटे ती ती बोलत नसे. एकदाच म्हणाली, ‘‘मला धरायला माणूस कशाला? पाय ठरेल अशी जमीन दे, म्हणजे झालं.’’

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. त्या दुपारी काय झाले ते ह्या सभागृहात कोणाला सांगायला नको. माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौले पानांसारखी उडाली. आमच्या मागच्या पडवीचे छप्पर गेले आणि न्हाणीघर आकाशाला मोकळे झाले. शेजारचे एक जुने घर मालकाने दुरुस्तीच्या भानगडीत न पडता उतरवायला काढले. पावसाळा संपता संपता त्याच्या दारात सागवानी वासे, दारे, दगड आणि लाद्या ह्यांचे ढीग लागले. एकीकडे आमची उघडी पडलेली खोली आणि दुसरीकडे हे ढीग! तेव्हा मनात आले, की दुकानात जाण्याआधी शेजारी जाऊन पाहावे.

श्रोतेहो, इथे पहिला धडा सांगतो, कारण तो आम्ही पैसे मोजून शिकलो. जुन्या वस्तूचे प्रेम वाईट नव्हे, पण प्रेम आंधळे असते आणि पाणी डोळस असते. पाण्याला फट दिसतेच. आमच्या गवंड्याने सुरुवातीलाच बजावले, की जे पाणी वाहून नेते आणि जे माणसाचा तोल सांभाळते ते नवे घ्या, बाकीचे खुशाल जुने घ्या. आम्ही हुशारी करून जुन्या लोखंडी नळाचा एक तुकडा भिंतीत ठेवला, आणि पंधरा दिवसांत भिंतीवर ओल आली. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि ती जागा तो भिंत फोडून घेतो. शेवटी तो नळ काढला, भिंत पुन्हा लिंपली.

समोरच्या कुलाबा किल्ल्याकडे पाहा. त्याच्या तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. पाण्याशी भांडू नये, त्याला वाट द्यावी, हेच न्हाणीघराचेही सूत्र आहे. जमिनीला फुटामागे पाव इंच उतार दिला, म्हणजे सात फुटांत पावणेदोन इंच. उताराच्या टोकाला नवा नाहणी ट्रॅप बसवला. आपली न्हाणी ह्या रूपाने स्थापत्याच्या इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसली आहे, हे जाता जाता सांगतो. त्या ट्रॅपमध्ये नेहमी थोडे पाणी साठून राहते, आणि तेच गटाराची घाण हवा आणि झुरळे ह्यांना अडवते.

जमिनीखालच्या भरावाला मात्र वादळाने फोडलेली आमचीच कौले उपयोगी पडली. विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात तसा कौलांच्या तुकड्यांचा केला. तुकडे आधी भिजवून घेतले, नाहीतर ते सिमेंटचे पाणी शोषून घेतात आणि कोबा भुसभुशीत होतो. त्यावर पाणी न झिरपणारा नवा थर दिला, तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवले, आणि भिंतीचा पाया बाहेरून कोरडा राहिला तेव्हाच पुढे गेलो. आणखी एक गोष्ट. समुद्र दाराशी आहे म्हणून त्याची वाळू फुकट समजू नये. तिच्यातले मीठ सिमेंटच्या पोटातल्या लोखंडाला खाते.

आता आईच्या जमिनीकडे येऊ. उतरवलेल्या घराची मागीलदारची पायरी, काळ्या दगडाची, तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद, ढिगात पडली होती. मालकाने ती फुकट दिली. पण दगड चार इंच जाड, वजन सव्वाशे किलोच्या घरात, त्यामुळे फुकटचा दगड उचलायला चार माणसांची मजुरी पडली. जुने स्वस्त पडते हा भ्रम ज्यांना असेल त्यांनी तो इथेच सोडावा. वस्तू स्वस्त पडते, मेहनत महाग पडते.

त्या पायरीची वरची बाजू पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली होती. म्हणजे चकचकीत लादीचेच दुसरे रूप! तेव्हा पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई बोलावली. तिने छिन्नी-हातोडीने सगळ्या दगडावर बारीक टाके घातले, आणि दर वीतभर काम झाले की तळवा फिरवून पाहिले. टाकी फार खोल गेली तर म्हाताऱ्या पायाला टोचते आणि साबणाचा मळ बसतो. फार उथळ राहिली तर पाय सरकतो. किती खोल, हे पुस्तकात नव्हते, तिच्या तळव्यात होते. गवंडी हा दगड चौथऱ्यासारखा उंच बसवणार होता, आम्ही तो जमिनीच्या बरोबरीने बसवायला लावला. अंधारात दोन इंचांची पायरीसुद्धा म्हाताऱ्या माणसाला डोंगर होते.

त्याच ढिगात आठ इंची नक्षीदार सिमेंटच्या लाद्या होत्या, तांबड्या आणि हिरव्या वेलबुट्टीच्या. अशा लाद्या पूर्वी विलायतेहून येत. १९२२ साली फेरोझशा सिधवा ह्यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने भारत फ्लोअरिंगचा उद्योग काढला, आणि त्याचा पहिला कारखाना आपल्याच जिल्ह्यात, उरणला होता. त्या काळी ह्या जिल्ह्याचे नाव कुलाबा, रायगड हे नाव १९८१ चे. ही लादी भट्टीत भाजत नाहीत, दाबयंत्राखाली घडवतात आणि पाण्यात मुरवतात. रंग नुसता वर फासलेला नसतो, त्याचा चांगला जाड थर असतो, म्हणून वर्षानुवर्षे पाय फिरले तरी नक्षी टिकते. चुन्यात बसवलेल्या लाद्या हलक्या हाताने सुटल्या, सिमेंटात बसवलेल्या मात्र तुटूनच निघाल्या. साठांपैकी बेचाळीस हाती लागल्या. मन म्हणत होते की इतकी सुंदर नक्षी पायाखाली हवी. पण घासून घासून त्या गुळगुळीत झालेल्या होत्या, म्हणून त्यांना भिंतीवर जागा दिली. सौंदर्य डोळ्यांसमोर ठेवावे, पायाखाली खरखरीतपणा असावा.

सागवानी दाराचा जुना रंग काढताना तोंडाला फडके बांधले आणि कोरडे न घासता ओले करून घासले. जुन्या तैलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांतले शिसे आपल्याकडे कायद्याने जवळजवळ बंद झाले ते २०१७ साली. दार बाहेरच्या बाजूला उघडेल असे लावले, कारण आत पडलेल्या माणसानेच आत उघडणारे दार अडते, आणि मदतीला आलेल्याला ते ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाणे घालून फिरवता येईल अशी घेतली. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे वापरले. ह्यालाही अलिबागेत थोर पूर्वाधार आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथे आली, तेव्हा तिच्या वेधगृहांत लोखंड टाळून तांबे-पितळ वापरले गेले. त्यांना लोखंड नको होते ते चुंबकसूचीसाठी, आम्हांला नको होते ते गंजासाठी.

अंधार घालवायला छपरात कौलांच्या ओळीत दोन काचेची कौले घातली. दिवसा दिवा लावावा लागत नाही, आणि पाणी कुठे सांडले आहे ते आईला दिसते.

काही वस्तू आम्ही हात जोडून परत पाठवल्या. अॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे फुकट मिळत होते. पण ते कापताना-फोडताना उडणारे तंतू फुप्फुसांत जाऊन बसतात, तेव्हा त्यांना हातही लावला नाही. झोपाळ्याची पितळी दांडी मुलांना धरायच्या कठड्यासाठी हवी होती. गवंड्याने ती भिंतीला लावली आणि स्वतः तिला लोंबकळला. दांडी वाकली! आता तिच्यावर पंचा वाळतो. धरायला नवी पोलादी नळी, न गंजणारी, भिंतीत खोल खिळवलेली आहे.

शेवटी घंगाळाची गोष्ट. घरात आजीच्या वेळचे तांब्याचे घंगाळ होते. मोडीचा भाव चांगला येत होता, पण आम्ही ते विकले नाही. पुण्याच्या तांबट आळीत नेऊन त्याला तळाशी भोक पाडायचे आणि हात धुण्याचे भांडे करायचे, असा आमचा बेत होता. आईने ऐकले आणि म्हणाली, ‘‘चांगल्या भांड्याला भोक पाडून त्याला शोभेचं करणार? त्यात पाणी घेऊन मी आंघोळ करीन की!’’ आम्ही निरुत्तर झालो. जुन्या वस्तूला नवे काम शोधण्याच्या उत्साहात तिचे जुने काम अजून शिल्लक आहे, हे आम्हांला दिसलेच नव्हते.

मग जुन्या वाशांचा एक चौरंग केला, तिला वाकावे लागू नये एवढ्या उंचीचा. त्यावर नळाखाली घंगाळ ठेवले, आणि शेजारी बसायला एक भक्कम पाट. घंगाळ ती चिंचेने घासते, पण परसदारी. आंबटाने सिमेंटच्या लादीचा रंग मरतो, हे आम्ही तिला एकदाच सांगितले, आणि आता ती ते सगळ्यांना सांगते. न्हाणीचे पाणी पुन्हा पन्हळीने केळींना जाते, मात्र कपड्यांच्या सोड्याचे पाणी वेगळे काढतो.

श्रोतेहो, नवे की जुने हा वाद घालायला आम्ही इथे आलो नाही. नवी नळी नसती तर आई पुन्हा पडली असती, आणि जुना दगड नसता तरी पडली असती. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा, की ओल्या पायाच्या म्हाताऱ्या माणसाला तू उपयोगी पडशील काय? त्याचे उत्तर देताना वस्तूचे वय आड येत नाही.

काम दिवाळीनंतर संपले. पहिल्या दिवशी आमच्या घरून दाराशी उभ्या राहायला गेल्या. आईने त्यांना हाताने मागे सारले, आत गेली आणि आतून कडी लावली. तो आवाज आम्ही बाहेर उभे राहून ऐकला. घरी गेल्यावर आपापल्या न्हाणीघराची जमीन एकदा ओली करून तिच्यावर अनवाणी उभे राहून पाहावे, एवढीच विनंती करतो.