कोरड तोंडाला, कीड दाताला



चांगल्या जेवणाचा वास आला की तोंडाला पाणी सुटते आणि भीती वाटली की तोंडाला कोरड पडते, हे आपण सगळेच अनुभवतो. हे तोंडाचे पाणी म्हणजे लाळ. ती आहे तोवर तिची आठवण कोणाला होत नाही. काही माणसांच्या तोंडाची कोरड मात्र भीतीने नव्हे, तर रोजच्या औषधांमुळे येते आणि त्यापायी त्यांच्या दातांचे मोठे नुकसान होते. त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या प्राथमिक शाळेतल्या बाई माझ्या दवाखान्यात आल्या. वय पासष्टच्या पुढे. साठीपर्यंत त्यांचा एकही दात किडला नव्हता. आता मात्र समोरच्या दातांना हिरडीलगत तपकिरी खाचा पडल्या होत्या. मी दात भरून दिले. आठ महिन्यांनी त्याच दातांना, भरलेल्या जागेच्या कडेने, पुन्हा कीड लागली. मी विचारले, ‘बाई, गोड जास्त होतंय का? रात्री ब्रश करता ना?’ बाईंना ते लागले. ज्यांनी जन्मभर मुलांचे दात आणि नखे तपासली, त्यांनाच हा प्रश्न! तिसऱ्या खेपेला तपासताना माझा छोटा आरसा त्यांच्या गालाला आतून चिकटला. ओल्या तोंडात तो सहज सरकतो. तेव्हा कुठे मी विचारले, ‘बाई, औषधे कोणकोणती घेता?’ हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

बाईंनी पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी एक गोळी. लघवीची घाई आवरण्यासाठी दुसरी. सर्दी आणि शिंकांसाठी अधूनमधून घ्यायची तिसरी. चौथी पट्टी त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून जरा संकोचानेच काढली. यजमान गेल्यानंतर सुरू झालेली ती नैराश्यावरची गोळी होती, अ‍ॅमिट्रिप्टिलीन. ‘अगं, ही मनाची गोळी. दातांचा हिच्याशी काय संबंध?’ बाई म्हणाल्या.

संबंध असा आहे. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानासमोर, दुसरी जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळू यांत शेकडो लहान ग्रंथी असतात. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ‘आता लाळ सोडा’ हा निरोप मज्जातंतू ग्रंथींना देतात, तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या मार्फत. काही औषधे ग्रंथीपाशी या रसायनाची वाट अडवतात. निरोप पोचत नाही आणि ग्रंथी धडधाकट असूनही गप्प बसते. आपल्याकडे धोत्र्याची विषबाधा झालेल्या माणसाचे तोंड पार कोरडे पडते, ते याच कारणाने. धोत्र्यात अ‍ॅट्रोपीन आणि त्याच्या जातीची द्रव्ये असतात. भूल देण्यापूर्वी तोंड कोरडे राहावे म्हणून डॉक्टर अशाच औषधाचे इंजेक्शन देत आले आहेत. तिथे जो गुण ठरतो, तोच रोजच्या गोळीत दोष ठरतो.

अशी औषधे बरीच आहेत. नैराश्यावरची काही औषधे, विशेषतः जुन्या पिढीतली, मानसिक आजारांवरची इतर काही, कंपवातावरची ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीच्या घाईवरची ऑक्सिब्युटिनीन आणि टॉल्टेरोडीन, सर्दी-अ‍ॅलर्जीची झोप आणणारी औषधे, दम्याचे काही पंप, तीव्र वेदनाशामके. लघवी वाढवणारी औषधे शरीरातले पाणीच कमी करतात. एकट्या औषधाने फार त्रास होईलच असे नाही. पण वय वाढते, तशी गोळ्यांची संख्या वाढते आणि तीन-चार औषधांचा थोडा थोडा परिणाम एकत्र येतो. बाईंचे नेमके हेच झाले होते.

लाळ कमी झाली तर दात का किडावेत? लाळ जवळजवळ सगळी पाणीच असते. उरलेल्या जेमतेम एका टक्क्यात मात्र मोठी ताकद असते. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्ले की तोंडातले जंतू त्याचे आम्ल करतात आणि ते दाताचे कवच विरघळवू लागते. लाळ हे आम्ल धुऊन काढते, त्याचा जोर मोडते आणि स्वतःतले कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत देते. झीज आणि भरपाई यांचा हा हिशेब दिवसभर चालू असतो. लाळ आटली की भरपाई थांबते, झीज तेवढी उरते. हिरडी खाली सरकल्याने उघड्या पडलेल्या मुळांवर तर कवचच नसते. म्हणून कीड हिरडीलगत, समोरच्या दातांच्या गुळगुळीत भागावर, अशा एरवी सुरक्षित असलेल्या जागी दिसते.

आणि इथेच माणूस नकळत आगीत तेल ओततो. तोंड कोरडे पडते म्हणून तो काहीतरी चघळू लागतो. बाईंच्या पर्समध्ये श्रीखंडाच्या गोळ्या असत. कोणी लिमलेटची गोळी ठेवतो, कोणी खडीसाखर, कोणी घोटघोट गोड चहा घेतो. म्हणजे साखर दिवसभर दातांवर आणि ती धुवायला लाळ नाही! दिवसातून एकदा जेवणाबरोबर खाल्लेल्या लाडवापेक्षा दिवसभर जिभेखाली विरघळणाऱ्या चार गोळ्या दातांचे जास्त नुकसान करतात.

हे सगळे मी बाईंना समजावले आणि इथे माझी दुसरी चूक झाली. ‘गोळीमुळे असे होते’ हे मी सांगितले. ‘पण गोळी बंद करू नका’ हे ठासून सांगायचे राहिले. बाई घरी गेल्या आणि त्यांनी मनाची गोळी स्वतःहून थांबवली. महिनाभराने त्यांची सून मला भेटली. बाईंची झोप उडाली होती, जेवणावरची वासना गेली होती, त्या कोणाशी बोलत नव्हत्या. दात वाचवायला गेले आणि माणूसच खचत चालला होता. मी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी उपचार पुन्हा सुरू केले आणि पुढे हळूहळू तोंड कमी कोरडे करणाऱ्या दुसऱ्या औषधावर त्यांना नेले. लघवीच्या गोळीची मात्रा त्या डॉक्टरांनी कमी केली. सर्दीची गोळी तर बदलता येण्यासारखीच होती.

म्हणून श्रोतेहो, पहिली गोष्ट ही की, तोंड कोरडे पडते म्हणून कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका, कमीही करू नका. ज्यांनी ते दिले, त्यांना सांगा. पर्यायी औषध, कमी मात्रा किंवा घेण्याची वेळ बदलणे, यांपैकी काही ना काही बहुधा करता येते. झोपेत लाळ आधीच फार कमी होते, म्हणून घेण्याच्या वेळेचाही विचार करायला डॉक्टरांना सांगावे. मधुमेह, काही सांध्यांचे विकार आणि डोके-मानेवर दिलेले किरणोपचार यांनीही तोंड कोरडे पडते. तेही तपासून घ्यायला हवे.

कोरड ओळखायची कशी? लाळ साधारण निम्म्याने घटेपर्यंत पुष्कळांना काही जाणवतच नाही. पाण्याच्या घोटाशिवाय कोरडे बिस्कीट किंवा भाकरीचा तुकडा गिळवत नाही, रात्री पाणी प्यायला उठावे लागते, बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात, चव बदलते, तिखट झोंबते, चांगली बसणारी कवळी सैल वाटू लागते. ही लक्षणे दिसली की दात दुखण्याची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजची निगा. पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि घोट घोट पाणी घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर नुसते तोंड ओले करून चूळ टाका. चघळायचेच असेल तर साखर नसलेले, झायलिटॉल असलेले च्युइंगगम चघळा. चावण्याने उरलीसुरली लाळ सुटते. लिंबाच्या आंबट गोळ्यांनी लाळ सुटते खरी, पण त्यांचे आम्लच दात झिजवते. सुपारी, तंबाखू आणि मिश्री यांचा तर विचारही नको. अल्कोहोल असलेले माउथवॉश कोरड वाढवतात. चहा-कॉफी कमी करा, घ्याल ती एका बैठकीत संपवा.

दात दिवसातून दोनदा फ्लोराइड असलेल्या पेस्टने घासा. वेष्टनावर १००० पीपीएमच्या आसपासचा आकडा आहे का, ते बघून घ्या. अनेक दंतमंजनांत आणि काही वनस्पतीजन्य पेस्टमध्ये फ्लोराइड नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त पेस्टचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे. रात्री घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, पण खळखळून चुळा भरू नका. फ्लोराइडला दातांवर राहू द्या. दर तीन ते सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जा. फ्लोराइडचा लेप लावून सुरुवातीची कीड थोपवता येते. कवळी रात्री काढून ठेवा, स्वच्छ ठेवा; कोरड्या तोंडात बुरशी लवकर वाढते. दम्याचा स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायला विसरू नका.

एका औषधाचा वेगळा उल्लेख करते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी ब्युप्रेनॉर्फीनची गोळी जिभेखाली ठेवून विरघळवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये तोंडात विरघळणाऱ्या या औषधामुळे दात किडण्याबद्दल इशारा दिला. पण त्याच इशाऱ्यात हेही स्पष्ट सांगितले की, औषधाचा फायदा या धोक्याहून मोठा आहे, ते थांबवू नये. गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याचा मोठा घोट घेऊन तो दात-हिरड्यांवर हळुवार फिरवावा व गिळावा आणि ब्रश मात्र निदान एक तासानंतर करावा. व्यसन सोडण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला किडलेल्या दातांची लाज वाटते आणि तो डॉक्टरांना तोंड दाखवायचे टाळतो. घरच्यांनी त्याला टोमणे न मारता सोबत न्यावे.

माझ्या बाईंचे दोन दात काढावे लागले. बाकीचे आज शाबूत आहेत. गोळ्या चालू आहेत, पर्समध्ये श्रीखंडाच्या गोळ्यांऐवजी पाण्याची छोटी बाटली आहे. आता प्रत्येक भेटीत त्या स्वतःहून आधी औषधांची पट्टी पुढे करतात आणि मग तोंड उघडतात.

तुम्हीही तसेच करा. पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे जाल, तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. मनाची गोळीही लपवू नका. त्यात लाजण्यासारखे काही नाही. दात आणि मन एकाच माणसाची असतात. त्यांतले एक वाचवायला दुसरे पणाला लावावे लागत नाही; फक्त दोघांच्या डॉक्टरांना एकमेकांची खबर हवी.