सहा सेंटिमीटरची जीप

(मेळाव्यातील मनोगत)



चित्रकलेच्या तासाला माझी मडकी कायम एका बाजूला कलंडलेली असायची, हे सरांना आठवत असेल. तीच मी आता ऑफिस संपलं की रात्री झिरो नंबरचा ब्रश घेऊन बसते म्हटलं, तर हसाल. हसा.

मी युद्धखेळातल्या जुन्या गाड्या रंगवते. टेबलावर शेतं, झाडं, कालवे मांडायचे, टेपने मोजून गाड्या सरकवायच्या, नेम लागला की नाही ते फाशांवर ठरवायचं. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली अशा खेळाचं पुस्तकच लिहिलं होतं. मला खेळापेक्षा रंगकामाची गोडी जास्त.

त्यातली माझी लाडकी गाडी जीप. ज्या जीपच्या मागे लटकून आपली पोरं बाजाराला जायची, तसलीच. फक्त हिच्यावर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ आहे. १० सप्टेंबर १९६५ ला पंजाबात असल उत्तरला ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद अशाच जीपमधून पॅटन रणगाड्यांशी लढले, तिथेच शहीद झाले, परमवीर चक्राचे मानकरी ठरले. ही तोफ उडाली की मागून जाळ निघतो, धुरळा उठतो आणि शत्रूला जागा कळते. म्हणून गोळा टाकला की लगेच जीप हलवायची. पत्र्याखेरीज आडोसा नाही.

अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात मी खरा पॅटन पाहून आले. पण प्रदर्शनातल्या गाडीला नवा रंग असतो, लढाईतला मळ कुठून दिसणार? तो आपणच आणायचा. हिरव्या रंगावर पातळ काळपट पाणी सोडलं की ते खाचांत उतरतं. मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवला की पत्रा झिजल्यासारखा दिसतो. चाकांना मी आपल्या शेतातली माती वस्त्रगाळ करून गोंदात लावली. फार खूश होते.

दिवाळीत गावी आले तेव्हा आपल्या वर्गातल्या फौजीला दाखवली. समोरच बसलाय, नाव घेतलं तर रागवेल. त्याने जीप तळहातावर फिरवून पाहिली आणि म्हणाला, "गाडी तं झकास केली वं तू. पन तिकडं अशी काळी माती नसते. अन् यातले मानसं कुठी हायेत?"

मातीचं हसण्यावारी नेलं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. खरं कारण म्हणजे चेहरे मला जमत नाहीत. चार मिलिमीटरचा चेहरा, त्यात डोळे! शिवाय खेळात फासा वाईट पडला की जीप उचलून बाजूला ठेवतात. रिकामी असली की उचलायला काहीच वाटत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. त्याच्यासमोर मान वर करवेना.

पुण्याला परतल्यावर काळी माती खरवडली, फिकट चिखल लावला. कालवा फोडून तिथल्या शेतांत पाणी सोडलं होतं, म्हणून ओलाच दाखवला. मग चालक, गोळा भरणारा आणि नेम धरणारा, असे तिघं रंगवायला घेतले. चाळिशीचा चष्मा, वर भिंग. तीनदा चेहरे पुसले. चालक अजून थोडा तिरळाच आहे.

जीप डब्यात घालून आणली आहे. जेवणानंतर दाखवते, आधी फौजीला. तोफेच्या नळीला मात्र कुणी हात लावू नका, दोनदा तुटलीय.