तारतंत्री परीक्षेची तयारी

ज्या गावात वीज आली, त्या गावात एकदोन मुलगे असे निघालेच की ज्यांच्या खिशात कायम टेस्टर असतो. लग्नाचा मांडव असो, पिठाची गिरणी असो, विहिरीवरची मोटर असो, लोक त्यांनाच हाक मारतात. एखाद्या उस्तादाच्या हाताखाली दोन-चार वर्षे काढून त्यांचा हात बसलेला असतो. पण कायद्याला एवढे पुरत नाही. बल्ब, पंखा, फ्यूज बदलणे अशी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराने, लायक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे, असा नियम आहे. त्या परवान्यासाठी तारतंत्र्याची, म्हणजे आपण ज्याला वायरमन म्हणतो त्याची, परीक्षा द्यावी लागते. आज मी बोलणार आहे ते या परीक्षेला बसणाऱ्या मुलांशी, आणि त्यांना संध्याकाळी तासभर जवळ घेऊन बसू शकतील अशा शिक्षकांशी.

या मुलांना भीती वाटते ती पुस्तकाची. मग ती नियम पाठ करू लागतात. स्विच फेजवर असावा, न्यूट्रलमध्ये फ्यूज नसावा, अर्थिंग पक्के असावे, अशी घोकंपट्टी चालते. परीक्षकाने नुसते "का?" म्हणून विचारले, की गाडी अडते. वास्तविक कारण आधी समजून घेतले, तर नियम घोकावाच लागत नाही.

स्विचचेच घ्या. चुकून तो न्यूट्रलवर बसवला, तरी दिवा लागतो आणि विझतोही. घरमालक खूश. पण दिवा विझलेला असतानाही होल्डरपर्यंत फेज येऊन उभी असते. पावसाळ्यात ओलसर जमिनीवर उभी राहून घरातली बाई बल्ब बदलायला जाते, ती स्विच बंद केला या भरवशावर. तो भरवसा खोटा ठरू नये म्हणून हा नियम आहे.

न्यूट्रलचेही तसेच. तिच्यात फ्यूज घातला आणि तो उडाला, तर दिवे जातात, पण घरातल्या तारा जिवंतच राहतात. तीन फेजच्या लाइनवर तर आणखी गंमत होते; गंमत कसली, नुकसानच. डांबावरची न्यूट्रल तुटली, की दोन वेगवेगळ्या फेजवरची घरे एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्टच्या आसपासचा दाब त्या दोघांत वाटला जातो. ज्या घरात एकच दिवा चालू असतो, त्याच्या वाट्याला बराचसा दाब येतो. एकाच संध्याकाळी आळीतल्या दोन-तीन घरांतले टीव्ही जळाले, हे आपण ऐकलेले असते. तेव्हा आळीतले लोक "व्होल्टेज वाढले" म्हणतात. परीक्षार्थीने "न्यूट्रल तुटली" म्हणायला शिकावे.

आता अर्थिंग. याला मी जरा जास्त वेळ देणार आहे, कारण शेतावर माणसे मरतात ती बहुधा इथेच. पंपाच्या मोटरमधली तार झिजून तिच्या लोखंडी अंगाला लागली, असे समजा. करंट अर्थच्या तारेने जमिनीत उतरतो आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे परत जातो. या सगळ्या वाटेचा रोध ५ ओहम असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर करंट वाहील. १५ अँपिअरचा फ्यूज थोड्याच क्षणांत वितळेल आणि पंप बंद पडेल. शेतकरी वैतागेल, पण घरी जेवायला येईल.

तेच अर्थिंग मुरमाड जमिनीत, वैशाखात, कोरडे ठणठणीत पडलेले आहे आणि रोध ५० ओहम आहे, असे धरा. करंट येईल ४.६ अँपिअर. १५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही. पंप चालूच राहील, आणि त्याचे लोखंडी अंग दिवसभर जिवंत राहील. पाणी धरायला आलेला माणूस ओल्या पायांनी त्याला हात लावील. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा का घालतात आणि उन्हाळ्यात तिथे पाणी का ओततात, याचे उत्तर या एका भागाकारात आहे. फ्यूजमध्ये ठरलेल्या तारेऐवजी केबलची जाड तार पिळून घालण्याची जी खोड गावोगाव आहे, तिचाही हिशेब यातच लागतो. अशा जाड तारेपुढे ४६ अँपिअरसुद्धा काही करू शकत नाहीत.

गळती ओळखून वीज तोडणारे जे यंत्र हल्ली बोर्डात बसवतात, ते फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून पाहते. माणसाच्या रक्षणासाठी बसवायचे यंत्र ३० मिलिअँपिअरचे, म्हणजे ०.०३ अँपिअरचे असते. आपला ४.६ अँपिअरचा हिशेब त्याच्या दीडशे पटींहून मोठा. मग अर्थिंग कशाला, असा प्रश्न एखादा हुशार मुलगा विचारील. त्याला सांगावे, की यंत्र आहे, कधीतरी बिघडते. महिन्यातून एकदा त्यावरचे चाचणीचे बटण दाबून पाहणारे घर मला तरी क्वचितच दिसले आहे.

पुस्तकाविषयी एक सूचना. बाजारातल्या जुन्या गाइडांत अजून भारतीय विद्युत नियम १९५६ यांतली कलमे छापलेली आढळतात. त्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी घेतली, आणि पुढे २०२३ मध्ये नवे विनियम आले. कलमांचे आकडे बदलले आहेत. वायरिंगसंबंधीचे भारतीय मानक ७३२ हेही १९८९ नंतर २०१९ मध्ये सुधारले गेले. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्याने वापरावे ही आपली चांगली रीत आहे, पण इथे आधी ते छापल्याचे साल पाहा.

रंगांचीही एक फसगत आहे. आपल्याकडे पक्क्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी आणि निळी या फेजच्या तारा, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. पण परदेशी यंत्राची लवचिक केबल उघडा, तर तिथे तपकिरी ही फेज आणि निळी ही न्यूट्रल. आखाती देशांत कामाला जाऊ पाहणाऱ्या मुलांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तार कुठलीही असो, रंगावर विसंबून हात घालू नये, आधी तपासावी.

आता शिक्षकांना विनंती. हा मुलगा कदाचित तुमच्याच शाळेत गणितात मागे पडलेला असेल. त्याला वीजशास्त्र शिकवायला तुम्ही वीजतज्ज्ञ असण्याची गरज नाही. दाब, करंट आणि रोध यांतले दोन दिले असता तिसरा काढणे. १,५०० वॅटच्या हीटरला २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपिअर लागतात, हे मांडून दाखवणे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे धरून पंपाचा हिशेब करणे, एवढे पुष्कळ झाले. फळ्यावर दोन खोल्यांचे घर काढा आणि त्याच्याकडून तारा ओढवून घ्या. दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या वर नको, हे त्याला त्या चित्रावर मोजू द्या. जिन्यातला दिवा खालून आणि वरून लावायचे जोडकाम तर वर्गातल्या सगळ्याच मुलांना आवडेल.

हाताच्या सरावात मेगर विसरू नका. पुष्कळ मुले तो इतरांच्या हातातच पाहतात. मुख्य स्विच बंद करून, बल्ब काढून, ५०० व्होल्टच्या दाबाने एक मिनिट तपासावे; तारांचा जमिनीशी इन्सुलेशन-रोध निदान १ मेगओहम यायला हवा. गावात कोणाकडे मेगर नसेल, तर तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन विनंती करून पाहावी.

अर्जाचा नमुना, फी, अनुभवाचा दाखला आणि परीक्षेची तारीख यांची चौकशी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात स्वतः जाऊन करावी. "परवाना काढून देतो" म्हणणारा मनुष्य वाटेत भेटेल. त्याला नमस्कार करून पुढे चालावे.